प्रश्नपत्रिका मध्ये पडली नाही

अकरा नंबरच्या साक्षीदाराचा जबडा मोडला तेव्हा प्रश्नपत्रिका त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेली होती, आणि गप्प होती. घाबरून गप्प नव्हती. तिला तसंच शिकवलेलं. मुलाखत चालू असताना समोरचा थांबला, रडला, उठून येरझाऱ्या घालायला लागला, काहीही झालं तरी विचारणाऱ्याने मध्ये पडायचं नाही, हे तिच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ती नाही पडली. मारामारी ही पण एक साक्षच की, असं त्या क्षणी तिच्या डोक्यात आलं. खरंच आलं. नंतर ते आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

प्रश्नपत्रिका हे नाव मावशीने ठेवलेलं. मावशी म्हणजे घरमालकीण. ही पोरगी परदेशातून इतिहासात एम.ए. करायला आली, दोन बोजड बॅगा घेऊन दारात उभी राहिली आणि खोली बघायच्या आधीच सुरू झाली, हे घर कधी बांधलं, आधी इथे कोण राहायचं, ते का गेले. मावशी म्हणाली, "अगं प्रश्नपत्रिके, आधी बॅगा तरी खाली ठेव." झालं. आठवड्याभरात पाववाला, पोस्टमन, शेजारची पोरं सगळे तेच म्हणायला लागले. तिचं खरं नाव कोणाला धड उच्चारता यायचं नाही, त्यामुळे तिलाही बरंच वाटलं.

इथली भाषा ती पुस्तकातून शिकून आलेली. बसच्या कंडक्टरला "कृपया मला अवगत कराल का" असं विचारायची आणि अख्खी बस तोंड दाबून हसायची. हळूहळू सुधारली. इतकी, की शिव्याही द्यायला लागली, फक्त चुकीच्या माणसाला आणि चुकीच्या वेळी.

घरून वडिलांचा फोन यायचा. दर वेळी तेच. "इतिहासात एम.ए. करायला कोणी एवढं लांब जातं का? आपल्याकडचा इतिहास काय संपला?"

"बाबा, आपल्याकडे जुनं काही विचारायला गेलं की लोक मारायला उठतात."

"आणि तिथे?"

"इथे चहा देतात."

तेव्हा तिला ते खरं वाटायचं.

तिचा विषय होता गावाबाहेरचा कत्तलखाना. आता बंद पडलाय, पण चाळीसेक वर्षांपूर्वी अर्धं गाव तिथे कामाला. तिथे संप झाला. दोन महिने कामगार गेटाबाहेर बसून होते, आणि एका सकाळी मालकाने नवी माणसं आणि फुटलेले जुने कामगार एका ट्रकमध्ये भरून आत न्यायचा घाट घातला. बाहेरच्यांच्या हातात कामाचेच हूक होते. म्हणजे लाकडी मुठीचे, हातात धरायचे, सोललेलं जनावर खेचून छताखालच्या रुळावर चढवायचे. त्या सकाळी त्या हुकांनी माणसं खेचली. एक मेला, कितीतरी जन्माचे अधू झाले. जो मेला तो संपकरी होता, आतल्या लोकांनी त्याला मारला, असं गाव म्हणतं. गेटाच्या भिंतीवर त्याच्या नावाचा दगड बसवलाय.

तेव्हापासून गावात दोन जाती आहेत, बाहेरचे आणि आतले. कुठे लिहिलेलं नाही, पण न्हाव्याच्या दुकानात बाहेरचे सकाळी जातात आणि आतले दुपारी. नातवंडंसुद्धा. प्रश्नपत्रिकेने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, एका आतल्याचा नातू, विशीतला, चुकून सकाळी केस कापायला आला. खुर्चीत बसायच्या आधीच दोघांनी त्याला मागून धरला आणि केस धुवायच्या भांड्यात तोंड बुडवलं. नळ चालू. पोरगा पाय झाडतोय, न्हावी कात्री पुसत उभा आहे, आरशात बघतोय. सोडला तेव्हा त्याच्या नाकातून पाणी आणि रक्त एकदमच आलं. न्हावी त्याला टॉवेल देत म्हणाला, "दुपारी ये ना बाबा, तुला कोण नाही म्हणतंय."

प्रश्नपत्रिका घरी आली आणि तिने पहिलं काय केलं असेल? वहीत लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या. इतका जिवंत विषय मिळाला म्हणून तिला झोप येईना.

मग ती म्हाताऱ्यांच्या मागेच लागली. आज ह्याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. सगळे चहा द्यायचे आणि मग असलं काही सांगायचे की चहा घशाखाली उतरायचा नाही. एकाने सांगितलं, त्याने एका माणसाचं बोट चावून तोडलं आणि मग थुंकायचं कुठे ते कळेना म्हणून कितीतरी वेळ तोंडातच धरून ठेवलं. एक म्हातारी म्हणाली, ट्रकवरून पडलेल्या पोराच्या डोक्यावरून बूट गेले, एकामागून एक, आणि "मी पण माझा पाय ठेवला गं, का ठेवला ते मलाच माहीत नाही." प्रश्नपत्रिका रात्री उठून बसायची. सकाळी परत नव्या माणसाचं दार वाजवायची.

आता ह्या कामाचे नियम असतात. मुलाखत देणाऱ्याचं नाव कुठेही लिहायचं नाही, फक्त नंबर. एका साक्षीदाराला दुसऱ्याचं नाव सांगायचं नाही. नातेवाईकाला खोलीत बसू द्यायचं नाही, कारण घरचं माणूस समोर असलं की बोलणारा हातचं राखून बोलतो. आणि खोलीत बोललेलं नावानिशी खोलीबाहेर न्यायचं नाही. ह्या सगळ्यावर तिने विभागात सही केली होती. नियम मोडला की विभाग काढून टाकणार, विभागाने काढलं की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बाबा विमानतळावर उभे.

सहा नंबरचा साक्षीदार म्हणजे तिचे घरमालक, मावशीचा नवरा, काका. दार भरून टाकणारा माणूस. सोलण्याच्या लाईनवर जन्म गेला, संपात बाहेरचे. अजूनही जेवायला बसायच्या आधी घरातली सुरी सळईवर घासायचे, भाजी कापायची असली तरी. बोलणं कमी. संपाआधीचं सगळं सांगितलं त्यांनी, थंड खोलीत पापण्यांवर बर्फ कसा जमायचा, नवीन पोराच्या बुटात कोण आतडी टाकून ठेवायचं. पण त्या सकाळपाशी आले की, "गर्दी होती." बस. पुढे काही नाही. परत विचारलं की परत, "गर्दी होती."

आणि इथेच मावशीचं आलं. भिंतीवरच्या दगडात ज्याचं नाव आहे तो मावशीचा सख्खा भाऊ.

एकदा दोघी भांडी घासत असताना मावशी म्हणाली, "तू गावभर विचारत फिरतेस. माझं एक काम करशील?"

"सांगा ना मावशी."

"माझ्या भावाला कोणी मारलं ते विचार. आतल्यांनी मारलं हे मलाही माहितीये. पण आतले म्हणजे कोण? कोणाचा हात? मी बाजारात जाते, समोरून म्हातारे येतात, मी प्रत्येकाच्या हाताकडे बघते. हा असेल का. तो असेल का. तो मेला तेव्हा मी सतरा वर्षांची होते गं. आता सगळे मरायला टेकलेत. एकदा कळलं की मी काही करणार नाहीये त्याला. फक्त बाकीच्यांच्या हाताकडे बघायचं थांबेल."

प्रश्नपत्रिका म्हणाली, "मी शोधते." एवढं सहज म्हणाली की जणू कपाटातून चमचा काढून द्यायचाय. पण त्या दिवसापासून तिचा प्रबंध, तिची डिग्री, सगळं त्या एका प्रश्नाला येऊन चिकटलं. कोणाचा हात.

अकरा नंबरचा साक्षीदार सापडला तो बाजाराच्या मागच्या गल्लीत. वजनकाटे दुरुस्त करणारा. काटकुळा, तोंडाने तिखट. आतला. त्या सकाळी ट्रकमध्ये होता. "मी फुटलो होतो, लिही तसंच," म्हणाला, "लाजायचं काय त्यात, पोट सगळ्यांनाच असतं." सगळं घडाघडा सांगितलं आणि मग म्हणाला, "माझ्या शेजारी एक जण बसला होता."

"कोण?"

"ते राहू दे."

तिने खूप गळ घातली. त्याने तिला एक बिस्कीट दिलं आणि दुकानाचं शटर खाली ओढलं.

ती वैतागून मार्गदर्शक बाईंकडे गेली. बाईंची खोली पुस्तकांनी इतकी भरलेली की बाई बोलायच्या तेव्हा फक्त डोकं दिसायचं. बाई म्हणाल्या, "एकेकट्याला विचारलं की लोक घोटून पाठ केलेलं सांगतात. दोघांना एकत्र बसव. एकाची आठवण दुसऱ्याला ढोसते. आणि तू गप्प राहा. शांतता असह्य झाली की माणूस बोलतो. कोणाला बसवणारेस?"

"सहा आणि अकरा."

"बसव," बाई म्हणाल्या. नंबरच ना ते. नंबरांचं काय भांडण असणार.

गावातल्या शेंबड्या पोराने सुद्धा हे केलं नसतं. गावात कोणीही सांगितलं असतं की ह्या दोघांना एका बसमध्ये बसवू नकोस, खोली तर सोडाच. पण तिने गावात विचारलंच नाही, नियमाने नाव सांगायचं नव्हतं ना. काकांना म्हणाली, "त्या वेळचे अजून एक जण येणारेत." अकराला म्हणाली, "अजून एक जुने कामगार असतील." दोघांनाही वाटलं आपल्याच बाजूचा कोणी असणार. चाळीस वर्षांत दुसऱ्या बाजूचा माणूस कधी शेजारी बसलाच नव्हता, तर तसं मनात तरी कसं यावं?

कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरची छोटी खोली. दोन खुर्च्या समोरासमोर, टेबल बाजूला सरकवलेलं, मध्ये काही नको म्हणून. अकरा आधी आला. मग लिफ्टमधून काका, आणि काकांचा गुडघा दुखतो म्हणून सोबत मावशी, हातात काकांचा स्वेटर.

"मावशी, तुम्ही बाहेर बसाल का? नियम आहे."

"बसते बाई. तुमचे नियम म्हणजे देवच." मावशी दाराबाहेरच्या बाकावर बसली. दार पातळ, वर अर्धी काच.

काका आत आले आणि थांबले.

"हा इथे काय करतोय?"

"काका, तुम्ही दोघंही त्या सकाळी तिथे होतात, म्हणून मी..."

"हा इथे काय करतोय ते विचारलं मी."

अकरा खुर्चीतून न उठता म्हणाला, "मलाही हेच विचारायचंय. पण मी आधी आलोय. जायचं असेल त्याने जावं."

खरं तर तिथेच काका वळून गेले असते तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण आता जो जाईल तो पळाला असं झालं असतं. काका बसले. खुर्ची करकरली. प्रश्नपत्रिकेने रेकॉर्डर चालू केला आणि हसून, खरंच हसून, म्हणाली, "त्या सकाळचं सांगा. कोणीही सुरुवात करा."

कोणीच करेना. ती गप्प. शिकवल्याप्रमाणे. बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं तेवढा आवाज.

शेवटी काका म्हणाले, "ट्रक आला. आम्ही अडवला. संपलं."

"अडवला म्हणे." अकरा तिच्याकडे वळला. "पोरी, अडवला म्हणजे काय ते बघायचंय?" त्याने शर्टाची दोन बटणं सोडली आणि कॉलर खाली ओढली. खांद्यापाशी खड्डा होता, अंगठा बसेल एवढा, कातडी आत ओढलेली. "हा ह्याच्या दोस्ताचा हूक. ट्रक पुरता थांबलाही नव्हता. मासे काढावेत तसे काढले आम्हाला. एकाच्या गालातून आरपार गेला होता, तो तसाच लोंबकळत किंचाळत होता आणि हे लोक हसत होते."

"तुम्ही आमच्या पोटावर पाय देऊन आत निघाला होतात," काका म्हणाले.

"होतो. मी कबूल करतो. कधी नाही म्हटलंय? आता तू कर."

"मी काय करू?"

"माझ्या शेजारी कोण बसलं होतं ते सांग हिला."

काका उभे राहिले. खुर्ची मागे पडली. प्रश्नपत्रिकेला दिसत होतं की त्यांच्या मानेची शीर फुगलीय, हाताच्या मुठी झाल्यात, आणि तरी तिच्या पोटात एक घाणेरडा आनंद उसळला. आता भरणार. इतके महिने रिकामी राहिलेली जागा आता भरणार.

"ती बाहेर बसलीय," काका म्हणाले. आवाज एकदम लहान, विनवणीचा.

"कोण बाहेर बसलीय?" अकराला खरंच माहीत नव्हतं. "कोणी का बसेना. मी मरायच्या आधी एकदा तरी मोठ्याने बोलणार. माझ्या शेजारी तुझा मेव्हणा बसला होता. तेव्हा अजून मेव्हणा झाला नव्हता तो. तोंडाला मफलर बांधून. मला म्हणाला, दोन महिने घरात धड चूल पेटली नाही, मी आत चाललोय हे बहिणीला कळता कामा नये, तिला वाटतं मी गेटावर बसलोय. आणि तू त्याला..."

पहिला ठोसा तोंडावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला, कडक नाही, ओला. अकरा खुर्चीसकट मागे गेला. पण तोही काही साधा नव्हता. पडल्या पडल्या त्याने शेजारची स्टीलची बाटली उचलली आणि वाकलेल्या काकांच्या भुवईवर घातली. भुवई फाटली, कातडीचा तुकडा डोळ्यावर लोंबला. रक्त काकांच्या डोळ्यात. काकांनी तसंच आंधळ्यासारखं चाचपून त्याची मान शोधली, एका गुडघ्याने त्याची छाती दाबली, दुखऱ्याच गुडघ्याने, आणि मारत सुटले. वर, खाली, वर, खाली, लाईनवर काम करावं तसं एका लयीत. अकराचा जबडा एका बाजूला गेलेला, दात जिभेवर आलेले, आणि तरी तो बोलतच होता. शब्द फुटत नव्हते पण कळत होते. "तू मारलास. तू मारलास त्याला. तू."

प्रश्नपत्रिकेच्या बुटावर रक्त उडालं. तिने पाय मागे घेतला. एवढंच केलं तिने. रेकॉर्डर चालू होता.

मग दार उघडलं. मावशी उभी. हातात स्वेटर. ती किंचाळली नाही, धावली नाही, नवऱ्याला धरायला गेली नाही. नुसती बघत राहिली, जणू तिच्या जागी दुसरंच कुणी उभं राहून बघतंय. त्या दोघांच्या मध्ये पडणारं खोलीत कोणी नव्हतंच. शेवटी शिपाई धावत आला, वर्गातली चार पोरं आली, त्यांनी काकांना काखेत हात घालून मागे ओढलं. काकांचे हात हवेत तसेच चालू होते.

पोलीस स्टेशनला इन्स्पेक्टरने प्रश्नपत्रिकेला विचारलं, "तू तिथे होतीस?"

"हो."

"जबडा तीन ठिकाणी मोडलाय म्हाताऱ्याचा. तू मध्ये का नाही पडलीस?"

"आम्हाला मध्ये पडायचं नसतं."

"हे कुठे शिकवतात?"

"एम.ए.ला."

इन्स्पेक्टरने हवालदाराकडे बघितलं. हवालदार म्हणाला, "साहेब, माझा पोरगा कॉमर्सलाच बरा." कोणी हसलं नाही.

तेवढ्यात बाईंचा फोन. बाई हळू आवाजात पण भरभर बोलत होत्या. "मारामारीचं सांग, ते सगळ्यांनी पाहिलंय. पण कोण काय बोललं ते एक अक्षर नाही. जुनी गोष्ट आहे ती. खोलीतलं खोलीत. तू सही केलीयस. तू बोललीस तर उद्या कोणी म्हातारा आपल्यापुढे तोंड उघडणार नाही आणि मला तुला ठेवता येणार नाही. कळतंय ना? घरी पाठवतील तुला." आणि मग, "रेकॉर्डिंग नीट आहे ना?"

प्रश्नपत्रिकेने फोन बंद केला. संडासात जाऊन आली, तोंड धुतलं, बुटावरचं रक्त ओल्या हाताने घासलं, ते पसरलं फक्त.

परत आली तर मावशी काकांच्या समोर जाऊन बसली होती. काका भिंतीलगतच्या बाकावर, भुवईवर पट्टी, एक हात बाकाच्या दांड्याला बेडीने अडकवलेला. हवालदार काही बोलणार होता, इन्स्पेक्टरने हातानेच थांबवलं. बोलू दे.

"तो ट्रकमध्ये होता?" मावशीने विचारलं.

"होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ओढला तेव्हा नाही. मफलर होता तोंडाला. खाली आला तेव्हा सुटला मफलर."

"हूक तुमचा होता?"

काका गप्प. मावशी वाट बघत बसली. ह्या बाईला कोणी शिकवलं नव्हतं, पण तिला येत होतं.

"माझा होता. माझ्याच हातात होता."

"तो काही बोलला का?"

काकांनी चांगला डोळा मिटला. "'तू होय,' म्हणाला. एवढंच. जसं दारावर कुणी यावं आणि आपण... मला वाटलं तो अजून काही बोलेल. मी हूक काढायला गेलो आणि मग जे आलं ते थांबेचना. माझे हात भरले. मागून सगळे ओरडायला लागले, आतल्यांनी आपला माणूस मारला. मी नाही म्हटलं नाही."

"भिंतीवरचा दगड?"

"मीच बसवायला लावला. तो आत चालला होता हे कुणाला कळू नये म्हणून. तुला कळू नये म्हणून."

"आणि माझ्याशी लग्न?"

"आधी त्या पापापायीच केलं. तुला कोणी नव्हतं, मीच तसं करून ठेवलं होतं." काका बेडीकडे बघत म्हणाले, "नंतर नाही. नंतर त्यापायी नाही राहिलो."

मावशी जन्मभर नवऱ्याला अहोजाहो करत आलेली. ती उठली आणि म्हणाली, "तुझ्या हातचं खाल्लं मी." आणि मारलं. थोबाडीत नाही, मूठ आवळून, फाटलेल्या भुवईवरच. पट्टी लगेच लाल झाली. परत मारलं. काकांनी बेडी नसलेला हातही वर केला नाही. ती मारत होती आणि प्रत्येक फटक्याला म्हणत होती, "मी सगळ्यांच्या हाताकडे बघत होते. सगळ्यांच्या. तुझा सोडून." तिच्या बोटांच्या पेरांची सालं निघाली. दात लागला असावा, मनगटाकडे रक्ताचा ओघळ गेला. ह्या वेळी प्रश्नपत्रिका धावली. मागून तिला घट्ट धरलं, दोघी तोल जाऊन भिंतीवर आदळल्या, मावशीचं कोपर तिच्या नाकावर बसलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी तिने सोडलं नाही.

"सोड मला, प्रश्नपत्रिके."

"नाही मावशी."

"अजून एकदा मारू दे."

"नाही ना."

मावशी हळूहळू ढिली पडली. पदराने हात पुसला, मग इन्स्पेक्टरच्या टेबलापाशी गेली. "मला तक्रार द्यायचीय. माझ्या भावाच्या खुनाची. जुनं झालं म्हणून चालत नाही का?"

इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. "चालेल की नाही हे वर विचारावं लागेल. पण ताई, एक सांगतो. तो काटेवाला दवाखान्यात आहे, महिनाभर तोंड उघडणार नाही, आणि तो पडला आतला, गाव त्याचं ऐकणार नाही. उद्या ह्यांचा वकील येईल आणि हे म्हणतील मी असं बोललोच नाही. आम्ही पोलिसांनी ऐकलेलं कोर्ट धरत नाही, आणि बायकोच्या एकटीच्या बोलण्यावर उभं राहायचं नाही हे. अजून कोणी ऐकलंय का? खोलीत? आत्ता इथे?"

मावशीने मागे वळून पाहिलं नाही. मागितलंच नाही काही. टेबलाची कड धरून उभी राहिली नुसती.

प्रश्नपत्रिकेच्या नाकातून रक्त येत होतं. तिने ते बाहीला पुसलं. बाईंचं बोलणं कानात होतं, बाबा विमानतळावर उभे दिसत होते, आणि इतक्या म्हाताऱ्यांनी तिच्यापुढे ओतलेलं सगळं, ते आता तिला कधीच लिहिता येणार नव्हतं.

"मी ऐकलंय," ती म्हणाली. "खोलीत पण आणि इथे पण."

"विद्यार्थिनी ना तू? बाहेरच्या देशातली?" इन्स्पेक्टरने कागद पुढे ओढला. "बघ बाई, ह्यात तुझं नाव येणार. पूर्ण."

तिने पिशवीतून रेकॉर्डर आणि पासपोर्ट काढून त्याच्यापुढे ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. सांगायला लागली. खोली, दोन खुर्च्या, कोण आधी आलं. अकरा नंबरचा असं तोंडात आलं तर थांबून त्याचं नाव सांगितलं. मग सहाचं सांगितलं. इन्स्पेक्टर लिहीत होता. ती म्हणाली, "हे म्हणाले की हूक ह्यांच्या हातात होता आणि तो खांद्यात..."

"मानेत," बाकावरून काका म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. पट्टीतून रक्त त्यांच्या ओठापर्यंत आलं होतं, ते त्यांनी पुसलं नव्हतं.

"खांद्यात नाही, पोरी. मानेत. इथे, कानाच्या खाली. नीट लिहून घे."